दादाच्या दिशेनं ताणलेली तार

चौतीस वर्षं खांबांवर चढून टेलिफोनच्या तारा ओढलेला माणूस निवृत्त झाल्यावर घरात बसून काय करणार, ह्या काळजीत त्याच्या बायकोनं पहिला महिना काढला. दुसऱ्या महिन्यात तिला उत्तर मिळालं. तो अभ्यास करत होता. वय अठ्ठावन्न, नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल, आणि पुढ्यात हौशी रेडिओच्या परीक्षेचं पुस्तक. घरात बसून, स्वतःच्या यंत्रावरून, कुठलीही तार न जोडता शेकडो मैलांवरच्या माणसाशी बोलायचं, असा हा छंद. तो करणाऱ्यांना हॅम म्हणतात. त्याला सरकारी परवाना लागतो, आणि परवान्यासाठी परीक्षा.

"आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडलेत, आता तरी गप्प बसा की," बायको म्हणाली.

"एकोणीस वर्षं गप्पच बसलोय," लाइनमन म्हणाला.

हे एकोणीस वर्षांचं प्रकरण काय आहे ते बायकोला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

प्रकरण दादाचं होतं. दादा म्हणजे लाइनमनचा थोरला भाऊ, राहायला रेल्वेनं दीड दिवसाच्या अंतरावर. त्याला ह्या रेडिओचं वेड तरुणपणापासून. त्याच्या गच्चीवर उंच मनोरा, घरात खोलीभर यंत्रं, आणि हॅम मंडळींत त्याचा मान असा की काल परवाना मिळालेलं पोरगंसुद्धा त्याला दादाच म्हणायचं. रोज सकाळी सात वाजता ही मंडळी रेडिओवरच्या एका ठरलेल्या आकड्यावर जमायची. ह्या जमण्याला त्यांच्यात नेट म्हणतात. निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका हजेरी घ्यायच्या. त्यांना सगळे बाई म्हणत. ज्याचं नाव पुकारलं त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही.

लाइनमन हे गेली सात वर्षं ऐकत होता. नुसतं ऐकायला त्याला कोणी अडवत नव्हतं. जुन्या रेसिव्हरला एक तार बांधून ती त्यानं खिडकीबाहेर सोडली होती, आणि रोज सकाळी तो चहा गार करत दादाचा आवाज ऐकायचा. दादा कुणाच्या गुडघ्याची चौकशी करायचा, कुणाच्या मुलीच्या निकालाची. सख्ख्या भावाला न विचारलेले प्रश्न तो दहा गावच्या परक्यांना विचारत होता, आणि इकडं ह्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. फोन केला की दादा आवाज ओळखून ठेवून देई. पत्रं न फोडता परत येत.

चूक कुणाची होती, हे लाइनमनला पक्कं ठाऊक होतं. त्याचीच.

आई शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, ती ह्याच्याकडे. तिला उठवणं, कूस बदलणं, भरवणं, पुसून काढणं, सगळं ह्यानं आणि बायकोनं केलं. दादा वर्षातून दोन दिवस यायचा. फळांची पिशवी आणायचा, उशाशी बसायचा, आणि आईचा चेहरा असा उजळायचा की ह्याला वाटायचं, आपण ह्या घरातले पगारी नोकर आहोत. मग आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. एका मंगळवारी सकाळी ती म्हणाली, "थोरल्याला कळव." हा जिना उतरून खाली आला. दाराजवळ सार्वजनिक फोन होता, दोन वर्षांपूर्वी ह्यानंच जोडलेला. लाइन चालू होती, नंबर पाठ होता, खिशात नाणी होती. दहा मिनिटं तो त्या फोनपुढं उभा राहिला. त्याला शेवटचे चार दिवस आई एकट्यासाठी हवी होती. एवढंच, आणि ह्याहून जास्त चांगलं कारण त्याच्याजवळ तेव्हाही नव्हतं आणि नंतरही सापडलं नाही. वर जाऊन त्यानं सांगितलं, "केला फोन. येतोय तो." आईनं मान हलवली. शनिवारी ती गेली, तेव्हा त्यानं फोन केला.

दादा सोमवारी पोचला. भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांदेखत तो म्हणाला, "आधी एक फोन करायला काय झालं होतं रे तुला? टेलिफोन खात्यात आहेस ना?" लाइनमन जमिनीकडं बघत म्हणाला की लाइन बिघडली होती. अशा प्रसंगीसुद्धा मामांना हसू आवरलं नाही. लाइनमनची लाइन बिघडते म्हणजे कमाल झाली! दादा पाण्याचा घोट न घेता आल्या पावली परत गेला, आणि नात्यातली सगळी माणसं त्याच्या बाजूची झाली. लाइन बिघडल्याचं खरं मानलं ते फक्त बायकोनं.

आता हॅम लोकांत एक शिस्त असते. प्रत्येकाला परवान्याबरोबर अक्षरांचं आणि आकड्यांचं एक नाव मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. त्या नावानं कोणी हाक मारली आणि ती ऐकू आली, तर उत्तर द्यायचं. हाक मारणारा आवडता असो की नावडता. निदान तुमचा आवाज असा असा येतोय, एवढं तरी सांगायचंच. आणि शिस्तीच्या बाबतीत दादा म्हणजे नुसता कडक इस्त्रीचा माणूस. लाइनमनचा सगळा हिशेब ह्यावर होता. फोन ठेवून देणाऱ्या दादाला इथं उत्तर द्यावंच लागलं असतं, आणि त्यानं उत्तर दिलं की हा बोलणार होता: दादा, लाइन चालू होती, मी फोन केलाच नव्हता, मला माफ कर. ह्या तीन वाक्यांसाठी तो अठ्ठावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसला, आणि पोराटोरांच्या रांगेत बसून पास झाला.

परवाना आला. एक जुना, कमी ताकदीचा सेटही मिळाला. राहिली अँटेना. ती विकत घेणं त्याला कमीपणाचं वाटलं. ज्यानं अर्ध्या शहराच्या तारा ओढल्या त्यानं पाच-पाच मीटरच्या दोन तारा बाजारातून आणायच्या? पुस्तकात सगळ्यात साधी अँटेना दिली होती, तिचं नाव डायपोल. मधोमध एक तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या लांबीच्या दोन तारा, दोन टोकं ताणून बांधायची, आणि मधल्या तुकड्यापासून सेटपर्यंत केबल खाली सोडायची. बस्स. लांबी मात्र नेमकी हवी. त्यानं भागाकार तीनदा केला. प्रत्येक बाजूला पाच मीटर आणि वर तीन सेंटिमीटर.

मधल्या तुकड्याला वीज न वाहणारं आणि पावसापाण्यात न फुगणारं काहीतरी हवं होतं. घरभर शोधून त्याला भाजी चिरायचा प्लॅस्टिकचा पाट पसंत पडला. त्याचा वीतभर तुकडा करवतीनं कापून होईपर्यंत बायको बाजारातून आली.

"हा काय उद्योग?"

"इन्सुलेटर."

"आणि मी कांदा काय ह्या इन्सुलेटरवर चिरू?"

"उरलाय की अर्धा," तो म्हणाला, आणि पुढचे दोन दिवस त्याला जेवणात कांदा दिसला नाही.

काम मात्र त्यानं देखणं केलं. पाटाच्या तुकड्याला चार भोकं पाडून तारा त्यांतून अशा ओवल्या की ओढ पडली तरी सांध्यावर ताण येऊ नये. केबलच्या आतली तार एका बाजूला, वरची जाळी दुसऱ्या बाजूला. सांध्यांना कथलाचे डाग असे दिले की चकचकीत मण्यासारखे दिसावेत. वर टेप, टेपवर मेण. तुकड्याखाली केबलचे आठ वेढे घालून ते बांधले. टोकांना नायलॉनची दोरी. तारा त्यानं मुद्दाम चार बोटं जास्त ठेवल्या होत्या. वर चढवून मीटर लावायचा, पाठवलेल्या ताकदीतली किती परत फिरतेय ते बघायचं, खाली उतरवून दोन्ही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कापायचं, पुन्हा चढवायचं. असं त्यानं अकरा वेळा केलं. अकराव्या वेळी मीटरचा काटा जवळजवळ हललाच नाही. सगळी ताकद बाहेर जात होती. त्याला इतका आनंद झाला की त्यानं गच्चीवरच्या टाकीला टाळी दिली.

आणि दिशा? दिशेबद्दल तर त्याला पुस्तक बघायचीही गरज वाटली नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या घराकडं तार न्यायची, हे चौतीस वर्षांत त्याच्या हाडात मुरलं होतं. त्यानं फरशीवर नकाशा पसरला. आपल्या शहरापासून दादाच्या शहरापर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली. होकायंत्र घेऊन गच्चीवर गेला आणि एक खांब जिन्याच्या खोलीला, दुसरा समोरच्या कठड्याला असा उभा केला की तार त्या रेघेवरून एक अंशही हलू नये. मग एका टोकाला गाल टेकवून, एक डोळा मिटून त्यानं तारेवरून नजर टाकली.

"कुठं बघताय?" कपडे वाळत घालता घालता बायकोनं विचारलं.

"दादाच्या घराकडं. सरळ त्याच्या दारात जातेय."

पहिल्या दिवशी सात वाजता त्यानं हजेरी दिली. बाईंनी लगेच उत्तर दिलं. "नवीन स्टेशन, स्वागत आहे. तुमचा आवाज अगदी खणखणीत. अँटेना कुठली?"

"घरी केलीय, बाई."

"वा!" पाठोपाठ आणखी तिघांनी शाबासकी दिली. एक वकील होता, एक सायकलवाला, एक कुणी डॉक्टर. सगळ्यांना हा ऐकू येत होता. मग ह्यानं श्वास घेऊन दादाच्या कॉलसाइननं हाक मारली आणि पुढं आपली सांगितली. नाव सांगितलं नाही. नाव दादाला आपल्याच तोंडून, समोरासमोर कळावं असं त्याच्या मनात होतं.

खरखर. मग दादाचा आवाज, "बाई, कोणी हाक मारतंय का? मला काही लागत नाही."

दादाचा आवाज आज लांबून, खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. खिडकीतल्या वेड्यावाकड्या तारेवर तो ह्याहून बरा यायचा. लाइनमनला वाटलं, दादा थकला. वय झालं. आता उशीर करून चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाई सांगायच्या, "दादा, हे नवीन स्टेशन तुम्हाला बोलावतंय." दादा म्हणायचा, "नाही हो बाई, नुसती खरखर." बाकी सगळ्यांना ऐकू येत होतं. पूर्वेच्या वकिलाला येत होतं, पश्चिमेच्या सायकलवाल्याला येत होतं, दादाच्या निम्म्या अंतरावरच्या नवशिक्यांना येत होतं, ज्यांच्याकडं मनोरे नव्हते की मोठाली यंत्रं नव्हती त्यांनाही येत होतं. सगळ्यात मोठे कान असलेला माणूस तेवढा बहिरा! लाइनमनला पहिला आठवडा काळजी वाटली. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ह्यानं ओळखलंय मला. आवाज ऐकतोय आणि मुद्दाम म्हणतोय ऐकू येत नाही. फोन ठेवायचा तसा हा आकाश ठेवून देतोय.

तो बायकोवर उखडायला लागला, जेवणावरून उठायला लागला. आरशापुढं माफीची तीन वाक्यं घोकणारा माणूस आता आंघोळ करताना शिव्या पुटपुटत होता. एकोणीस वर्षं माफी मनात ठेवली की ती नासते, हे त्याला कळत होतं, पण कळून काही होत नव्हतं.

चौदाव्या दिवशी बाईंनाच दया आली. हॅम लोकांत आणखी एक रीत आहे. दोघांना एकमेकांचं ऐकू येत नसेल तर तिसरा माणूस निरोप पोचवतो. निरोप शब्दाला शब्द पोचवायचा, पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही.

"तुमचा दादांसाठी काय निरोप आहे तो मला सांगा," बाई म्हणाल्या. "मी पोचवते."

लाइनमननं बटण दाबलं. खरं सांगायला ह्याहून सोपी जागा नव्हती. पण तोंड उघडलं आणि त्यातून चौदा दिवसांचा संताप बाहेर आला. "सांगा त्याला," तो म्हणाला, "आई मरणाच्या दारात असताना निरोप मिळूनही जो आला नाही, त्याला माझी हाक कशी ऐकू येईल? म्हणावं, धाकटा भाऊ बोलतोय."

त्यानं बटण सोडलं. हे त्यानं काय केलं होतं? न दिलेला निरोप मिळाला म्हणून सांगितलं, आणि तेही पन्नास माणसांसमोर. पण बोलून झालं होतं.

मग बाईंचा आवाज आला, वर्गात हजेरी घेतात तसा सरळ. त्यांनी निरोप शब्दाला शब्द पोचवला. 'मरणाच्या दारात'सुद्धा गाळलं नाही. लाइनमननं सेटचा आवाज पूर्ण वाढवला.

मग दुरून, अगदी पुसट, दादा म्हणाला, "निरोप मिळाला." त्या दिवशी दादा पुन्हा बोलला नाही.

हजेरी संपल्यावर बाईंनी लाइनमनला थांबायला सांगितलं. "घरचं भांडण रेडिओवर आणायचं नसतं, हे तुम्हाला परीक्षेत विचारलं असेल," त्या म्हणाल्या. "ते राहू द्या. मला वेगळंच विचारायचंय. दादा खोटं बोलणारा माणूस नाही. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. तुमची तार कुठल्या दिशेला ताणलीय?"

"दादाच्या," तो अभिमानानं म्हणाला. "होकायंत्रानं लावलीय बाई. एक अंश इकडंतिकडं नाही."

"तार त्यांच्याकडं रोखलीय?"

"हो."

"अहो, डायपोल कडेनं बोलतो. टोकानं नाही. टोकाच्या दिशेला तो जवळजवळ मुका असतो, आणि बहिराही. आडवी लावायची होती."

हा प्रश्न लाइनमनला परीक्षेत आला होता. तार कुठल्या बाजूला सगळ्यात कमी बोलते? त्यानं 'टोकाच्या' असं लिहिलं होतं, आणि गुणही मिळवले होते. कागदावर त्याला येत होतं. हातांना कोणी सांगितलं नव्हतं. ढिसाळ माणसानं तीच तार वेडीवाकडी बांधली असती तर दादाला निदान कुजबुज ऐकू आली असती. ह्यानं नकाशा पसरला, होकायंत्र लावलं, गाल टेकवून बघितलं, आणि साऱ्या जगात जी एक दिशा मुकी ठेवता येत होती, ती नेमकी दादाच्या दारावर नेऊन ठेवली. दादा थकलेलाही नव्हता. ह्याचीच तार त्याच्याकडं पाठ करून उभी होती. आणि त्या चौदा दिवसांच्या रागात, एकोणीस वर्षांपूर्वीचं एक खोटं कमी पडलं म्हणून की काय, हा दुसरं खोटं बोलून बसला होता.

त्याच दुपारी तो गच्चीवर गेला. तार आडवी करायची तर एक टोक दुसऱ्या जिन्यावरच्या गच्चीला बांधावं लागणार होतं, आणि तिथं कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. सोसायटीचा सेक्रेटरी लगेच वर आला.

"काका, तिकडं नाही चालणार. लोकांच्या चादरी असतात."

"चादरींच्या वरून जातेय. बारा फूट वर."

"वीज पडली तर?"

"तुमच्यावर पडणार नाही, माझ्यावर पडेल. आणि पडू दे एकदाची."

सेक्रेटरी हा तसा भांडखोर माणूस, पण लाइनमनचा चेहरा बघून त्यानं नियमांची वही बगलेत घातली आणि खाली निघून गेला. दोरी धरायला बायको आली. ओढ, सोड, जरा ढिली, एवढंच दोघं बोलली. काम झाल्यावर ती म्हणाली, "निरोप मिळूनही आले नाहीत, असं म्हणालात तुम्ही सकाळी. मी ऐकलं. लाइन बिघडली होती ना?"

तो गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "नव्हती बिघडली."

तिनं हातातली दोरी खाली ठेवली आणि ती जिना उतरून गेली. त्या रात्री तिनं ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

दादा चार दिवस नेटवर आला नाही. पन्नास माणसांनी बाईंकडं त्याची चौकशी केली, लाइनमनशी मात्र हजेरीपलीकडं कोणी बोलेना. सायकलवाल्यानं तर तेवढंही टाळलं. पाचव्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी दादाचा आवाज आला, आणि लाइनमन खुर्चीतून उठलाच. केवढा आवाज! खोलीत शेजारी बसून बोलावं तसा, भरदार, जसाच्या तसा, आईला हाक मारायचा तो.

ह्यानं कॉलसाइन सांगितली. दादानं लगेच उत्तर दिलं. "ऐकू येतंय. स्वच्छ येतंय."

बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं जरा वरच्या आकड्यावर जा. बाकीच्यांनी इथंच थांबायचं." अर्थात कोणी थांबलं नसणार. जाऊ दे. लाइनमननं पन्नास माणसांसमोर खोटं सांगितलं होतं, खरंही तेवढ्यांनी ऐकायला हरकत नव्हती. दाराच्या चौकटीत बायको उभी होती. तिलाही ऐकू दे.

रेडिओवर बटण दाबून आपण बोलत असतो तोवर समोरच्याचं काही ऐकू येत नाही. ते त्याला बरंच वाटलं. त्यानं बटण दाबलं आणि सोडलंच नाही. सगळं सांगितलं. खालचा फोन, खिशातली नाणी, दहा मिनिटं, वर जाऊन सांगितलेली थाप. "तू आलास की ती अशी हसायची दादा, आणि माझ्याकडं बघून कधी हसली नाही. मला ते सहन होत नव्हतं. मी तुला कळवलंच नाही. आणि परवा निरोप मिळूनही आला नाहीस म्हणालो, ते खोटं होतं. निरोप गेलाच नव्हता. तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर. ओव्हर."

ओव्हर म्हणजे आता समोरच्यानं बोलायचं, पण बटणावरून अंगठा उचलायला त्याला वेळ लागला.

पलीकडं दादानं बटण दाबल्याचा आवाज आला, पण शब्द आला नाही. सुटल्याचा आवाज आला. पुन्हा दाबल्याचा.

"बारक्या," दादा म्हणाला. ह्या नावानं त्याला आता जगात दुसरं कोणी हाक मारत नव्हतं. "मला वाटलं तुला कळलं. परवा बाईंनी तुझा निरोप वाचला तेव्हा मला वाटलं, सिस्टरनं तुला कधीतरी सांगितलं असणार. म्हणून मी चार दिवस आलो नाही."

"कुठली सिस्टर? ओव्हर."

"दवाखान्यातली. तिचा फोन आला होता मला. आईनं नंबर सांगितला म्हणाली. आई बोलावतेय, लगेच निघा." दादाचा आवाज इतका स्पष्ट येत होता की त्याच्या खुर्चीची करकरही ऐकू आली. "शनिवार-रविवार रेडिओची स्पर्धा होती. त्या वर्षी पहिला यायची संधी होती. मी म्हटलं, आई ह्याआधी दोनदा अशीच झाली होती आणि बरी झाली. सिस्टरला सांगितलं, रविवारी रात्री निघतो. शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी ह्याच खुर्चीत होतो. तिथं आलो आणि तुझ्यावर ओरडलो. तू मान खाली घातलीस. मला कळेना तू का मान खाली घालतोस. पण सुटलो असं वाटलं. मग तुझ्याशी बोलायचं तोंड राहिलं नाही रे मला. ओव्हर."

लाइनमनला राग यायला हवा होता. एकोणीस वर्षं ह्या माणसानं त्याला सगळ्या नात्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती, आणि पत्रं न फोडता परत पाठवली होती, ती ह्यासाठी. पण राग आला नाही. ज्याच्याकडं माफी मागायची तोच माफीच्या रांगेत येऊन उभा राहिला होता, आणि ती द्यायला पुढं कोणीच नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

त्यानं बटण दाबलं. "सिस्टरचा फोन कधी आला होता? ओव्हर."

"मंगळवारी."

"मंगळवारी किती वाजता?"

"दुपारी. दोन वाजायला आले असतील. का रे?"

दादा दोनदा "बारक्या, ऐकू येतंय का?" म्हणाला. ऐकू येत होतं. फोन केला, येतोय तो, असं लाइनमननं त्या मंगळवारी आईला सांगितलं तेव्हा दहा वाजले असतील. तिनं मान हलवली होती. एक वाजेपर्यंत ती काही बोलली नाही. एक वाजता तो घरी जेवायला गेला, आणि तो गेल्यावर तिनं सिस्टरला हाक मारली. रविवारी निघतो हे दादाचं उत्तरही सिस्टरनं तिला सांगितलंच असणार. शनिवारपर्यंत ती एकाचं खोटं आणि दुसऱ्याचा रविवार दोन्ही जवळ ठेवून दाराकडं बघत पडली होती, आणि दोघांतल्या कुणालाही काही बोलली नाही. अडीच वाजता तो परत आला होता. तिनं त्याच्याकडं बघून विचारलं होतं, "जेवलास का नीट?"

आणि तो म्हणाला होता, "हो."